फुटलेलं अक्षर

"ताई, विश्वजीतच्या वकिलाला पेनड्राइव्ह दिलात का?" मी फोनवर विचारलं.

"कालच दिला. कोर्टातच. का गं?"

"वकिलाकडेच आहे ना तो?"

"नाही, त्यानं घेतला आणि तिथल्या तिथं विश्वजीतच्या हातात ठेवला. म्हणाला, ह्यांचाच धंदा आहे, तेच उघडून बघतील." शकूताईंनी चहाचा कप खाली ठेवल्याचा आवाज आला. "गार्गी, तुझा आवाज असा का येतोय?"

माझा आवाज कसा येत होता ते मला माहीत नाही. माझी नजर समोरच्या स्क्रीनवर खिळली होती. मी जन्माची भित्री. पाल दिसली तरी शेजारच्या काकूंना हाक मारणारी. पण त्या सकाळी जी भीती वाटली तिच्यासाठी हाक मारायला शेजारी कुणीच नव्हतं.

आता त्याला पुष्कळ वर्षं झाली. तेव्हा मी सांगलीत घरी बसून नोकरी करत होते. ती नोकरी काय आहे हे माझ्या आईला शेवटपर्यंत कुणाला धड सांगता आलं नाही. जगभरातली माणसं मिळून कॉम्प्युटरची एक फुकट वापरता येणारी सिस्टिम बनवत होती, आणि तिच्यातला फाइली साठवणारा भाग सांभाळणाऱ्यांत मी एक होते. उरलेल्या वेळात शकूताईंच्या 'ओसरी'ची मशीन बघायचे. नवऱ्याच्या मारातून उठून आलेल्या बायकांना ओसरी आसरा द्यायची, त्यांचे खटले लढवायची. तिथल्या मशीनवर आमचीच सिस्टिम होती. फुकट होती, म्हणून.

त्या सकाळी कुठल्याशा परदेशातल्या एका गृहस्थानं आमच्या गटाला एक दोष कळवला होता. फाइल साठवताना तिच्या नावासाठी मेमरीतली थोडी जागा घेतली जाते. ती आधी कुणीतरी वापरलेली असते, म्हणून घेताना पुसून घ्यावी लागते. एका ठिकाणी ती पुसलीच जात नव्हती. नाव लहान असलं की उरलेल्या जागेत आधीचं जे काही पडलेलं असेल ते नव्या फाइलीबरोबर तसंच्या तसं डिस्कवर उतरत होतं. साध्या डोळ्यांना दिसत नव्हतं, पण डिस्क आतून उसवून बघणाऱ्याला दिसलं असतं.

खरं की खोटं ते बघायला मी हाताशी होता तो पेनड्राइव्ह लावला. तो ओसरीचा होता. शकूताईंची पद्धत अशी की कोर्टाच्या कागदांचे दोन सारखे पेनड्राइव्ह करायचे, एक समोरच्या पक्षाला आणि एक आपल्याला. हा आपला. त्यात 'जबाब' नावाची फाइल होती, आणि त्या तीन अक्षरांच्या पुढं, जिथं काहीही नसायला हवं होतं तिथं, लिहिलं होतं: मुक्काम हिवरगाव खुर्द.

शकूताई फाइलीच्या नावातच सगळी हकिकत लिहायच्या. "नाव वाचलं की कळलं पाहिजे, उघडत कोण बसतंय," असं त्यांचं म्हणणं. ओसरीच्या मशीनवर त्यांची एक फाइल होती, 'पद्मा मुक्काम हिवरगाव खुर्द'. ती फाइल कुठल्याच पेनड्राइव्हवर कधी गेली नव्हती. गेलं होतं ते तिचं शेपूट.

पद्मा म्हणजे विश्वजीतची बायको. मी तिला कधी पाहिलं नव्हतं. ती त्याच्यापासून आधी दोनदा पळाली होती आणि दोन्ही वेळा त्यानं तिला हुडकून परत नेलं होतं. दुसऱ्या वेळेनंतर तिला डाव्या कानानं ऐकू येईना. आता तिसऱ्यांदा शकूताईंनी तिला अशा जागी ठेवलं होतं जी त्यांच्याशिवाय फक्त मला ठाऊक होती, तीही मशीन सांभाळते म्हणून. आणि विश्वजीतचं इचलकरंजीत दुकान होतं. बिघडलेल्या डिस्कमधून पुसलेली माहिती काढून द्यायचा त्याचा धंदा. दुकानाच्या पाटीवर लिहिलेलं, 'गेलेलं परत मिळेल'. हाती आलेला प्रत्येक पेनड्राइव्ह तो आतून उसवून बघत असणार, यात मला तिळमात्र शंका नव्हती.

"ताई, पद्माला तिथून हलवा," मी म्हणाले. "आत्ताच्या आत्ता."

ताईंनी पुढं एक शब्द विचारला नाही. म्हणाल्या, "मी तुझ्या दाराशी येते. खाली येऊन थांब."

हिवरगावात पद्मा रूथ सिस्टरकडे राहत होती. मिरजेच्या दवाखान्यात आयुष्य काढून त्या निवृत्त झाल्या होत्या आणि गावी एकट्याच असत. शकूताई सत्तरीला टेकल्या होत्या, पण ओसरीची जुनी व्हॅन त्या स्वतःच हाकायच्या. विश्रामबाग ओलांडेपर्यंत मी सिस्टरच्या घरचा फोन लावत राहिले. नुसता वाजत होता.

"सिस्टर या वेळेला दूध घालायला जातात," ताई म्हणाल्या.

"पण पद्मा असेल ना घरात?"

"असेल. ती उचलणार नाही. फोन वाजला तरी हात लावायचा नाही, असं मीच तिला बजावलंय." त्यांनी गियर असा टाकला की व्हॅन कण्हली. "माझीच अक्कल. पोलिसांना लाव."

मी चौकीला लावला. पलीकडच्या माणसानं शांतपणे सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे तो माणूस तिथं गेलाय?"

"माहीत नाही. पण जाऊ शकतो."

"काही घडलंय का?"

"अजून नाही."

"मग बाई, घडल्यावर कळवा की. आम्ही काय गाडी घेऊन शक्यतेच्या मागं फिरायचं?"

मी फोन ठेवला. ताईंनी माझ्याकडे बघितलंही नाही. त्यांना अशी उत्तरं नवी नव्हती.

"आता मला सोप्या मराठीत सांग," त्या म्हणाल्या. "झालं काय?"

"ताई, भांडं न विसळता त्यात दूध ओतलं. आधी त्यात आमटी होती."

"मग दुधावर आमटीचा तवंग आला."

"आला. आणि ते दूध आपण विश्वजीतला पाजलं."

ताईंनी विचारलं, "त्याच्या पेल्यातल्या दुधात तेवढाच तवंग असेल का, आपल्यात होता तेवढा?"

"तेच कळत नाही. प्रत्येक वेळी वेगळं शिल्लक राहतं. त्याच्यात कदाचित काहीच नसेल. कदाचित सगळं असेल."

"देव करो आणि नसो," त्या म्हणाल्या. गाडी चालवताना त्या कधी देवाचं नाव घेत नसत.

उसाचे दिवस होते. रस्ताभर ट्रॅक्टर, प्रत्येकामागं दोन-दोन ट्रॉल्या, आणि एकालाही बाजूला व्हायची घाई नाही. हिवरगाव दोन आहेत. बुद्रुक अलीकडं, सडकेला लागून. खुर्द नदीपलीकडं, बंधाऱ्यावरून जावं लागतं. त्या भागात कुणालाही नुसतं हिवरगाव विचारलं तर तो बुद्रुकलाच पाठवणार. आम्ही बुद्रुकच्या स्टँडजवळ आलो आणि ताईंनी एकदम ब्रेक मारला.

चहाच्या टपरीसमोर एक पांढरी गाडी उभी होती. मागच्या काचेवर मोठ्या लाल अक्षरांत लिहिलं होतं, 'गेलेलं परत मिळेल'.

"ताई, हा आला पण."

"इथं आलाय," ताई म्हणाल्या. "पलीकडं नाही गेलेला. म्हणजे काय?"

"म्हणजे त्याला हिवरगाव कळलंय, खुर्द कळलेलं नाही. किंवा आत्ताच येऊन चहा पितोय आणि आता निघेल."

व्हॅन एका ट्रॉलीच्या आडोशाला उभी होती. टपरीवर पाच-सहा माणसं दिसत होती. ताईंनी डोक्यावरून पदर घेतला आणि जरा खाली सरकल्या. कोर्टात तो त्यांना प्रत्येक तारखेला बघत होता.

"तुला ओळखतो का तो?"

"नाही."

"मग उतर. अर्धा तास त्याला इथं गुंतवून ठेव. मी पलीकडं जाऊन पोरीला बाहेर काढते."

"ताई, मला नाही जमणार. मला बोलता येणार नाही त्याच्याशी."

"मग तू गाडी चालव, मी उतरते."

मला गाडी चालवता येत नव्हती, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मी उतरले. व्हॅन ट्रॉलीच्या आडूनच बंधाऱ्याच्या वाटेला लागली, आणि मी टपरीकडे चालू लागले. मनात एवढंच चाललं होतं, की त्याच्या त्या पेनड्राइव्हवर काय आलंय.

विश्वजीत दिसायला अगदी सभ्य माणूस होता. इस्त्रीचा शर्ट, कपाळाला बारीक गंध. तो मोबाइलवर बायकोचा फोटो एकेकाला दाखवत होता. मी चहा सांगितला, आणि तो सरळ माझ्याकडेच आला.

"ताई, जरा बघता का? ह्यांना कुठं बघितलंय का गावात? माझी मिसेस आहे. डोक्यावर थोडा परिणाम झालाय, घरातनं निघून आली."

फोटोतली पद्मा हसत होती. मी मान हलवली. "नाही. या गावात आहेत असं कुणी सांगितलं तुम्हाला?"

"माणसानं सांगितलं असतं तर इश्वास ठेवला नसता. मशीननं सांगितलं." त्यानं बोटानं फोटो सरकवला. पुढचं चित्र मी ओळखलं. सकाळपासून तसल्याच आकड्यांच्या रांगा मी बघत होते. कडेला मराठी अक्षरं होती: मुक्काम हिवरगाव. त्यापुढं एक चौकोन, आणि संपलं.

त्याच्या वाट्याला तवंग थोडा कमी आला होता. देवनागरीतलं प्रत्येक अक्षर मशीन तीन तुकडे करून साठवतं. त्याच्याकडे पुढच्या अक्षराचे दोनच तुकडे पोचले होते. खुर्दचा ख आणि बुद्रुकचा ब, दोघांचे पहिले दोन तुकडे हुबेहूब सारखे असतात. फरक पडतो तो तिसऱ्यात, आणि तिसरा त्याच्या पेनड्राइव्हवर नव्हता. एका बाईचा जीव त्या नसलेल्या तुकड्यात होता.

"हे अक्षर फुटलंय," तो म्हणाला. "बुद्रुक असंल नाहीतर खुर्द. हे मोठं गाव, म्हणून म्हटलं आधी इथं बघू. इथं न्हाई तर पलीकडं."

इथं मी तोंड मिटून बसले असते तरी चाललं असतं. पण मला वाटलं, हा आत्ताच उठून पलीकडं जाईल. ताई अजून बंधाऱ्यावरही पोचल्या नसतील.

"हा ब आहे," मी म्हणाले.

त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं. "तुम्हाला कसं कळलं?"

"मी कॉम्प्युटर शिकवते. इथल्या हायस्कूलला. मराठी ब अर्धा तुटला की तो असाच दिसतो. ख तुटला तर त्याचे दोन चौकोन होतात." शेवटचं वाक्य मी तिथल्या तिथं रचलं होतं.

"अस्सं?" तो म्हणाला. "बरं झालं भेटलात. मग बुद्रुकच. चला की माझ्याबरोबर, तुम्हाला गावात सगळे ओळखत असतील."

नाही म्हणायला तोंड नव्हतं. मी त्याच्याबरोबर निघाले. एकेका दाराशी तो थांबायचा, हात जोडायचा, फोटो दाखवायचा. बायका फोटोकडे कमी आणि माझ्याकडे जास्त बघायच्या. तो चालता चालता पद्माबद्दल बोलत होता. तिला चहा कसा लागतो, ती झोपेत काय बडबडते, तिच्या हातची भाकरी कशी असते. एकदा म्हणाला, "ताई, ती नसली की मला घरात आवाज येत न्हाई कशाचा." मला त्या क्षणी त्याची कीव आली, आणि लगेच तिचा डावा कान आठवला.

मारुतीच्या देवळाजवळ एक म्हातारी उन्हात शेंगा फोडत बसली होती. तिनं मला आपादमस्तक न्याहाळलं.

"कुनाची गं तू? हितली दिसत न्हाईस."

"नवीन आलेय आजी. हायस्कूलला."

"हायस्कूलला?" म्हातारीनं शेंग बाजूला ठेवली. "मग हिकडं काय करतीस? हायस्कूल पल्याड हाय की. आमची पोरं न्हवं का रोज बंधाऱ्यावरनं जात्यात, खुर्दला!"

विश्वजीतनं म्हातारीला नमस्कार केला आणि दहा-बारा पावलं पुढं चालून गेला. मग वळून उभा राहिला. तो चिडला नव्हता.

"तुम्ही ओसरीच्या," तो हळू म्हणाला. "ब आणि ख एकसारखेच फुटतात. काल रात्रभर मी तेच बघत बसलो होतो. तुम्ही बोलला तेव्हाच वाटलं, बाईला म्हाईत नसंल. पण तुम्हाला म्हाईत आहे." त्यानं मोबाइल खिशात टाकला. "ब असता तर तुम्ही मला ख सांगितला असता, ताई. होय ना?"

मी नाही म्हणाले. निदान तोंडातून तरी नाहीच आलं.

"तुम्हाला खोटं बोलता येत न्हाई," तो म्हणाला. "सगळं तोंडावर लिहिलेलं असतंय." आणि तो गाडीकडे चालू लागला.

मी बंधाऱ्याच्या वाटेनं पळत सुटले. पळता पळता ताईंना फोन लावत होते, लागत नव्हता. दोनदा चप्पल निसटली, दुसऱ्यांदा दोन्ही तिथंच सोडून दिल्या. पांढरी गाडी धुरळा उडवत मला मागं टाकून गेली तेव्हा मी रडायला लागले. सगळं मीच त्याला सांगून बसले होते, आणि तेही शहाणपणा करून.

बंधाऱ्यावर मात्र ऊस आडवा आला. पलीकडून एक ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या घेऊन निम्म्यावर आला होता. बंधारा एका गाडीपुरता. विश्वजीत हॉर्न वाजवत होता आणि ट्रॅक्टरवाला वरून हात नाचवत होता, "माज्या दोन ट्रॉल्या हायत, मी कसा मागं घिऊ? तू घे की मागं!" मी त्याच्या गाडीच्या बाजूनं, मग चाकांना खेटून, उसाची पाती तोंडावर ओरबाडत पलीकडं निघाले. एका बाजूला पाणी होतं. मी खाली बघितलं नाही.

पार झाल्यावर मागं वळून पाहिलं. त्यानं गाडी तिथंच सोडली होती आणि तोही चाकांच्या बाजूनं येत होता. तो पळत नव्हता. घाई नसलेल्या माणसासारखा चालत येत होता.

खुर्दच्या दुसऱ्याच गल्लीत व्हॅन दिसली. इंजिन चालू, दार उघडं. रूथ सिस्टरच्या उंबऱ्यावर एक बारकीशी बाई चौकट दोन्ही हातांनी धरून उभी होती, आणि ताई तिची मनधरणी करत होत्या.

"न्हाई येत मी," पद्मा म्हणत होती. "दर वेळी मीच का पळायचं? मी काय चोरी केलीय? इथं मला रात्री झोप लागत होती, ताई."

"पोरी, नंतर भांड," सिस्टर तिच्या बोटांवरून हात फिरवत म्हणाल्या. "आधी गाडीत बस."

तेवढ्यात मी पोचले. पद्मानं मला आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. माझे अनवाणी पाय, ओरबाडलेलं तोंड.

"आला?" तिनं विचारलं.

मला दम लागला होता, शब्द फुटेना. पण तिला उत्तर मिळालं. तिचे हात चौकटीवरून आपोआप खाली आले. ती एक शब्द न बोलता व्हॅनमध्ये शिरली आणि सीटवर न बसता दोन सीटांमधल्या जागेत खाली, गुडघे छातीशी घेऊन बसली. कुणी तिला तसं सांगितलं नव्हतं. तिला त्याची सवय होती.

आम्ही मागच्या पाणंदीनं निघालो. काचेतून दिसलं, विश्वजीत गल्लीच्या तोंडाशी आला होता. सिस्टरनी फाटक लावून घेतलं होतं आणि आतून विचारत होत्या, "कोण पाहिजे?" चार-पाच माणसं ओट्यांवरून उठून उभी राहिली होती. तो ओरडला नाही, की धावलाही नाही. उभा राहून आमच्या गाडीकडे बघत होता. दोन्ही बाजूंनी ऊस लागला आणि तो दिसेनासा झाला.

पाणंद डांबरी रस्त्याला मिळाली. पुढं तिठा होता. तिथं पद्मा खालूनच म्हणाली, "ताई, गाडी थांबवा. ह्यांना इथं उतरवा."

"मला?" मी म्हणाले. खरं सांगायचं तर मला लागलं ते. तिच्यासाठी मी पायातल्या वहाणा घालवल्या होत्या.

"तुम्ही वाईट वाटून घेऊ नका." तिनं माझा हात धरला. "तुमच्या तोंडावर सगळं दिसतंय. मघाशी तुम्ही बोलायच्या आधी मला कळलं ना, आला म्हणून? त्याला पण तसंच कळणार. तो येईल तुमच्याकडं. आज न्हाईतर सहा महिन्यांनी, पण येईल. तुम्हाला ठाऊक असलं, तर त्याला विचारायची पण गरज पडणार न्हाई."

शकूताईंनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. "बरोबर बोलतेय ती," त्या म्हणाल्या. "मला फोडायला त्याला सात जन्म लागतील. तू उतर."

मी उतरले.

"आणि मागं बघू नका," पद्मा दार लावता लावता म्हणाली.

मी रस्त्याकडे पाठ करून उभी राहिले. समोर कुणाची तरी हळद पसरली होती. इंजिनचा आवाज झाला, गाडी निघाली. डावीकडे वळली की उजवीकडे, हे आवाजावरून कळेल म्हणून मी दोन्ही कानांवर हात दाबून धरले, आणि त्या गुडघे पोटाशी धरून बसलेल्या बाईसाठी मोठमोठ्यानं रडले. एक सायकलवाला थांबून बघत होता. बघू दे म्हटलं.

घरी आल्यावर मी तो दोष दुरुस्त केला. काम छोटंसं होतं, जागा वापरायला घेण्याआधी पुसून घ्यायची, एवढंच. गटातल्या एकानं लिहिलं, चार-दोन अक्षरं गळतात, त्यापायी एवढी घाई कशाला. मी त्याला उत्तर दिलं नाही. दिलं असतं तर शिव्या दिल्या असत्या. त्यानंतर ओसरीत गेले तरी पद्माचं नाव मी काढलं नाही आणि ताईंनी काढू दिलं नाही.

विश्वजीत आला तो पावसाळा संपल्यावर. दुपारची वेळ होती, आई मामाकडे गेली होती. मी बेल ऐकून दार उघडलं तर तो दारात. इस्त्रीचा शर्ट, कपाळाला गंध. त्यानं चपला बाहेर काढल्या आणि मी या म्हणायच्या आधी आत येऊन खुर्चीवर बसला.

"ओळखलं का, ताई?"

मी मान हलवली. दार उघडंच ठेवलं आणि दाराशीच उभी राहिले.

"मी काय करणार न्हाई तुम्हाला," तो म्हणाला. "एकच विचारायचंय. पद्मा कुठं आहे?"

"मला माहीत नाही."

तो हसला. खुर्ची पुढं ओढून माझ्या तोंडाकडे निरखून बघायला लागला, जसा त्या दिवशी देवळाजवळ बघत होता तसा.

"सोलापूर? बेळगाव? निपाणी?" प्रत्येक नावानंतर तो थांबायचा आणि बघायचा. "पुणे? कोकणात कुठं? गुहागर? चिपळूण?"

त्यानं किती गावं घेतली कोण जाणे. त्यातलं एखादं खरंही असेल. मी इतकी घाबरले होते की माझे दात एकमेकांवर आपटत होते, पण माझ्या तोंडावर त्याला जे हवं होतं ते एकदाही उमटलं नाही. उमटायला ते माझ्याजवळ नव्हतंच. तो नावं घेत गेला, आणि त्याचा आवाज हळूहळू खाली येत गेला. शेवटी तो नुसताच बघत राहिला.

"तुम्हाला खरंच म्हाईत न्हाई," तो म्हणाला.

"नाही."

तो उठला. दारापर्यंत गेला, चपलेत पाय घालताना त्याला चप्पल सापडेना. दोनदा त्यानं चुकीच्या पायात घातली. मग त्यानं वर पाहिलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदाच भीती पाहिली, गेलेलं परत न मिळण्याची.

तो जिना उतरून गेल्याचा आवाज येईपर्यंत मी उभी होते. मग दाराला कडी घातली आणि तिथंच फरशीवर बसले. "नाही माहीत," मी स्वतःशीच मोठ्यानं म्हणाले. "पद्मा कुठं आहे ते मला नाही माहीत." आजही नाही.